लाल कडी

सकाळी सव्वासहाला कामावर निघता निघता मी उबवणीच्या मशीनच्या काचेला नाक लावलं, आणि काळ्या पिल्लांच्या गर्दीत एक पिवळं पिल्लू दिसलं. आधी वाटलं, फुटलेल्या अंड्यातलं काहीतरी लागलं असेल. मग ते उठलं, शेजारच्याच्या डोक्यावर पाय देऊन उभं राहिलं, तोल जाऊन उताणं पडलं, आणि त्याचं पोट दिसलं. पोटही पिवळं. चोच फिकट, पाय फिकट. काचेवर आतून वाफ धरली होती आणि ती बाहेरून पुसण्यात काही अर्थ नाही हे मला चांगलं माहीत आहे, तरी मी बाहीने पुसली. तेवढ्यात दुसरं दिसलं, कोपऱ्यातल्या पाण्याच्या ताटलीपाशी, नुकतंच निघालेलं, ओलं, तेही पिवळंच. एका पायात बूट, दुसरा बूट दारात, हातात डब्याची पिशवी, अशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बस चुकली एवढं खरं.

ज्याला बदकांशी घेणंदेणं नाही त्याला यात काय मोठंसं वाटणार? बदकाचं पिल्लू पिवळंच असतं की, लहान मुलांच्या पुस्तकांत तरी. आमच्याकडे ते तसं नसतं. आमची बदकं काजळी. ही फार जुनी जात, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत उरलेली. नखशिखांत काळी, ऊन पडलं की पाठीवर हिरवी झाक येते, पाय काळे, चोच काळी, पिल्लं तव्याच्या बुडासारखी. आणि अंडं? हंगामातलं पहिलं अंडंसुद्धा काळं. ओल्या अंगठ्याने घासलं तर ते काजळ निघून येतं आणि खालून फिकट हिरवं कवच दिसतं. पुढची अंडी राखी, मग आणखी उजळ, हंगाम संपत येईतो जवळजवळ पांढरी. बाबा दर वर्षी ते पहिलं अंडं तळहातावर घेऊन पाहुण्यांपुढे धरायचे. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणायचे. पाहुणे माना डोलवायचे. मीही बाजूला उभी राहून डोलवायची, आणि माझी तर घरचीच मान.

बाबा वजनमापं तपासनीस होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या तराजूंची पारडी उलटी करून पाहिली, कुठे मेण चिकटवलंय, कुठे मापाचं बूड आतून ठोकून वर घेतलंय. रस्त्याने चालले की दुकानदार उगाचच हात पुसायला लागायचे. घरीही तेच. मी लहानपणी एकदा दुधात पाणी घालून मांजरीला दिलं, तर म्हणाले, "मांजरीला फसवलंस. मांजरीला कळत नाही म्हणून फसवलंस, हे जास्त वाईट." मी सात वर्षांची असेन. ते वाक्य माझ्या अंगात इतकं मुरलंय की आजही चहात दूध घालताना हात जरा आखडतो. आई लवकर गेली. नंतर घरात बाबा, दादा, मी आणि मागच्या आवारातली बदकं. आणि बाबांचं एक वाक्य, जे दारावर पाटी असावी तसं सतत दिसायचं: या घरात भेसळ नाही.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बावीस वर्षं झाली. छाती पुढे, हनुवटी वर, खांदे सैल. श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा. दिवसातून साठ-सत्तर वेळा हे म्हणायचं. माणसं कपडे काढून थंड प्लेटला छाती टेकवतात आणि मी काचेआडून त्यांच्या आतलं बघते. आज पहिलाच माणूस, कोणीतरी निवृत्त मास्तर, खोकत खोकत म्हणाला, "बाई, किती वेळ धरू?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी 'धरून ठेवा' म्हणून पुढे काही बोललेच नव्हते. तो बिचारा लालबुंद होऊन उभा. "सोडा, सोडा," मी म्हटलं. फोटो हललेला आला. बावीस वर्षांत माझे हललेले फोटो मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

गंमत अशी की दिवसभर लोकांची फुप्फुसं आणि हाडं बघणाऱ्या मला घरात अंड्याच्या आत बघायची परवानगी नव्हती. अंडी मशीनमध्ये ठेवली की सातव्या दिवशी अंधाऱ्या न्हाणीघरात बॅटरीच्या उजेडावर धरून बघायची, जिवंत असेल त्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, मधोमध काळा ठिपका हलतो. हे काम बाबांचं. मी बाहेर पाट घेऊन बसायची. अंडी गोळा करणं, खुराडं धुणं, हौदाचं पाणी बदलणं, भरडा भिजवणं, ही कामं माझी. अंड्यांच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, तीही मीच. पण पंचविसाव्या दिवशी मशीनचं झाकण लागलं की माझा संबंध संपला. शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नाही, हे शास्त्रच आहे; वाफ निघून गेली तर आतली त्वचा पिल्लाच्या अंगाला चिकटून बसते आणि ते चोच मारून मारून आतच मरतं. बाबांचा मात्र आणखी एक नियम होता. पिल्लं निघतील त्या दिवशी खोलीत कोणी यायचं नाही. "तू कामावर जा. संध्याकाळपर्यंत वाळतात. मग बघ." मला वाटायचं, किती हळवा माणूस! जन्माच्या वेळी गर्दी नको म्हणतोय. मी हे हॉस्पिटलातल्या बायकांना कौतुकाने सांगायची.

बाबा गेल्या वर्षी गेले. यंदाची उबवण माझी पहिली. सातव्या दिवशी मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि पहिलं अंडं बॅटरीवर धरलं, तेव्हा मला रडूच आलं. इतकं साधं होतं ते. आणि इतकं स्पष्ट. शिरा फाटे फोडत गेलेल्या, ठिपका टिकटिक करणारा. चौदातली तीन वांझ निघाली, अकरा भरली. मला वाटलं, हे मला वीस वर्षं का नाही बघू दिलं? आणि लगेच वाटलं, मेलेल्या माणसावर कसले आरोप करतेस. शिवाय आरोप करायला माझं तोंड नव्हतं. कारण यंदा मी बाबांचा शब्द मोडला होता.

बाबांनी अंथरुणावरून मला एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. काही बदकांच्या पायात लाल कडी आहे, काहींच्या नाही. लाल कडीचा नर आणि लाल कडीची मादी एका जाळीत ठेवायची नाही. का? "जवळचं नातं आहे त्यांचं." एवढं बोलून डोळे मिटायचे. मी ते पाळणारच होते. पण बिनकडीचा आमचा एकुलता नर थंडीत एका सकाळी हौदाच्या काठावर मरून पडलेला सापडला, म्हातारा झाला होता. उरला लाल कडीचा नर आणि चार माद्या, दोन लाल, दोन बिनकडीच्या. त्यातलीही एक बिनकडीची आठवड्याला एखादं अंडं देणारी. चार दिवस विचार केला. मग ठरवलं, एखाद्या पिढीत जवळच्या नात्याने आभाळ कोसळत नाही, जुने पाळणारेसुद्धा असं करतात, आणि चौघींनाही त्याच्याबरोबर सोडलं. सोडताना मी चक्क मागे वळून खिडकीकडे पाहिलं. बाबा तिथे उभे राहून बघायचे ना. तेव्हापासून दीड-दोन महिने मला चोरी केल्यासारखं होत होतं. जेवताना, दिवा घालवताना, मशीनमधली अंडी फिरवताना मी मनातल्या मनात त्यांची माफी मागत होते. माफी! आता हसू येतं.

साडेदहाच्या सुमारास एका मुलीचं मनगट मी प्लेटवर ठेवत होते, आणि तेव्हा सगळं जागच्या जागी बसलं. हिशेब अवघड नव्हताच, मीच तो करत नव्हते. बाबांनीच शिकवलेला. पांढरं रक्त लपतं, ते म्हणायचे. काळ्याला पांढरं मिळालं तर पिल्लं काळीच निघतात, फार तर छातीवर चार पिसं पांढरी. लोक फसतात. पण दोन्हीकडून लपलेलं पांढरं एकत्र आलं, नराकडूनही आणि मादीकडूनही, की एखादं पिल्लू पिवळं निघतं आणि मोठं होऊन पांढरं होतं. दुसऱ्यांच्या बदकांतली लबाडी कशी ओळखायची, ते त्यांनी मला असं शिकवलं होतं. म्हणजे माझ्या लाल कडीच्या नरात पांढरं आहे. लाल कडीच्या मादीतही आहे. जवळच्या नात्यातून पिल्लू अधू होईल, अंडं वांझ जाईल. पण जे रक्तात नाहीच ते येणार कुठून? आणि नेमकी हीच बदकं एकत्र येऊ द्यायची नाहीत हे बाबांना माहीत होतं. एकेक पाय धरून, एकेक कडी अडकवताना माहीत होतं. नात्याची नव्हतीच ती कडी. भेसळीची होती. "बाई, दुखतंय," मुलगी म्हणाली. मी तिचं मनगट फारच घट्ट धरलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मी एक दिवस लवकर घरी आले. हॉस्पिटलची वीज गेली होती, दुपारी दोनलाच सोडलं. मागच्या दाराने आवारात आले तर काळ्या बदकांत एक पांढराशुभ्र नर. बाजारात मिळतो तसला, लठ्ठ, पिवळ्या चोचीचा, आमच्या माद्यांच्या मागे हौदाभोवती फिरत होता. शेजारी दादा, हातात रिकामी टोपली. आणि पायरीवर बाबा. मी ओरडले, "हे काय?" मग बाबा दादाकडे बोट करून म्हणाले, "विचार त्यालाच. हा उपद्व्याप त्याचा." दादाने टोपली या हातातून त्या हातात घेतली फक्त. मग मी सुरू झाले. मी काय काय बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं, आणि आज कामावर प्रत्येक छातीमागे ते ऐकू येत होतं. बाबांच्या तीस वर्षांवर पाणी ओतलंस. तुला कधी कशाची चाड नव्हती. चांगलं काही दिसलं की ते नासवावंसं वाटतं तुला. शेवटी म्हटलं, "केसाने गळा कापलास, तोही स्वतःच्या बापाचा." दादा त्याच संध्याकाळी एक बॅग घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्यादेखत त्या हंगामातली अंडी एकेक करून बादलीत फोडली. मला त्यांचे हात बघवेनात. म्हातारा आपल्याच हाताने आपलं काम मोडतोय असं वाटलं. आज कळतंय की ती वांझ अंडी असणार. भरलेली कुठेतरी उबेत होती.

आणि मी काय केलं? त्याच महिन्यात मला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेतलं होतं. तिथे नवं यंत्र आलं होतं, माणसाचं शरीर आडवे पातळ काप करावेत तसं दाखवणारं, आणि ते शिकायला आमच्यातून एकटी मी निवडली गेले होते. पत्र अजून खणात आहे. मी नाही म्हटलं. मुलाने दगा दिलेल्या बापाला एकटं टाकून कशी जाऊ? आणखीही एक गोष्ट होती, एक माणूस होता, तो वर्षभर थांबला आणि मग त्याने थांबणं सोडलं, त्यात त्याची काही चूक नाही. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, पण मला स्वतःचा अभिमान वाटत होता. माणूस त्यागावर फार दिवस काढू शकतो. आपण कोणाच्या तरी प्रामाणिकपणाची राखण करतोय असं वाटलं की खुराड्यातली घाणही घाण वाटत नाही. वजनमापं तपासनीसाने आपल्याच मुलीच्या पारड्याखाली मेण लावलं होतं, आणि मी अकरा वर्षं ते पारडं घासूनपुसून लख्ख ठेवत होते.

दुपारच्या सुट्टीत सवयीने समोरच्या बागेत गेले. तिथे छोटं तळं आहे, तळ्याकाठी एक बाक माझा ठरलेला. तळ्यात सात-आठ पांढरी बदकं असतात. मी त्यांना कधी बदकं म्हणालेच नाही. बाजारू, बिनजातीची, म्हणायची. तरी रोज पावाच्या कडा टाकायची, कारण टाकून देण्यापेक्षा बरं. आज डबा उघडलाच नाही. ती येऊन बाकासमोर ओळीने उभी राहिली आणि माझ्याकडे एकेका डोळ्याने बघू लागली. "आज नाही," मी म्हटलं. ती हलली नाहीत.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं वर्कशॉप एका जुन्या इमारतीच्या तळघरात आहे, माझ्या बसच्या वाटेवरचा तिसरा थांबा. अकरा वर्षं त्या थांब्यावर मी खिडकीबाहेर बघितलेलं नाही. बाबा गेले त्या दिवशी तो घरी आला होता. दारात वाकून बुटाची नाडी सोडत होता, आणि मी वरून म्हटलं, "बूट काढू नकोस. आत यायचं काम नाही." त्याने सोडलेली नाडी पुन्हा बांधली, नीट, दोन गाठी मारून, आणि निघून गेला. सकाळपासून मला ती दुहेरी गाठच दिसत होती. आज मी त्या थांब्यावर उतरले, तळघराच्या पायऱ्या उतरले. पायऱ्यांवर ग्रीसचा वास. मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं, की तुझ्याबद्दल माझी चूक झाली असावी असं वाटतं. दादा स्टुलावर बसून मोठ्या कप्पीतली घाण खरवडत होता. केस पार पांढरे झालेले. त्याने वर पाहिलं, मी पाहिलं, आणि ते वाक्य कुठेतरी गेलं.

"पिल्लं निघाली आज," मी म्हटलं.

त्याने चिंधीला हात पुसले. एकेक बोट पुसलं. मग म्हणाला, "पिवळी किती?"

मी जवळच्या खोक्यावर बसले. खोकं तेलकट होतं, ते नंतर कळलं.

"दोन."

"दोनच? मग बरं आहे."

"तो नर तूच आणलास ना?"

"मीच आणला. टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून, बसमधून. सबंध रस्ता ओरडत होता."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

दादा हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली. "अगं, मला बदकातलं काय कळतं? मला अजून नर कोणता, मादी कोणती ते आवाजावरून ओळखावं लागतं. बाबांनीच सांगितलं. मोठा बघ, तरणा बघ, आणि तुझ्या बहिणीला कळू देऊ नकोस. तीन वर्षं अंडी जगत नव्हती, आठवतं? चोच मारायची आणि आतच मरायची. तुला ते सांगायचे, वाफ कमी पडली."

"मी उबवणीच्या पेटीशेजारी पाण्याच्या आणखी ताटल्या ठेवायची."

"वाफ कसली डोंबलाची! घरातल्या घरात लग्नं लावून लावून रक्तच आटलं होतं. बाहेरचं रक्त आणलं नसतं तर एक पिल्लू उरलं नसतं. दुसऱ्या कोणाकडे काजळी मागायला जाणं त्यांच्याने होईना. आयुष्यभर सगळ्यांना भेसळवाले म्हणून बसलेले."

"मग मला सांगायचं होतं."

"तू त्या दिवशी लवकर आलीस. ते घाबरले. बाबांना घाबरलेलं मी तेव्हा एकदाच बघितलं. तोंडातून माझं नाव निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर त्यांना ते परत घेता येईना."

"आणि तू मुकाट उभा राहिलास."

"मला वाटलं, आठ दिवसांचा प्रश्न आहे. सांगतील. मग तू ती बदली नाकारलीस. त्यावर ते म्हणाले, आता सांगितलं तर ती जाईल, आणि जाताना माझं तोंडही बघणार नाही. म्हणाले, बदकं राहतील आणि मी राहीन, दोघांनाही बघायला कोणी नसेल."

"म्हणजे मला डांबून ठेवायला."

दादा कप्पीवरून बोट फिरवत राहिला. "तू मला एकदाही विचारलं नाहीस," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी नाही, नंतर नाही. एकदा विचारलं असतंस ना, की दादा, खरंच तूच केलंस का, तर मी खोटं बोललो नसतो."

खरं होतं. मी तराजू पाहिला नव्हता, फक्त तपासनीसाचा चेहरा पाहिला होता. रागाने माझे कान गरम झाले होते, पण राग कोणावर ठेवायचा तेच ठरेना. एक मेलेला, एक समोर ग्रीसने माखून बसलेला, आणि एक मी. वर कुठेतरी लिफ्टचं दार आपटलं. दादा म्हणाला, "येऊ का बघायला? म्हणजे, तू म्हणालीस तर."

बसमध्ये आम्ही पुढेमागे बसलो. त्याच्या मानेवर आईसारखाच तीळ आहे, हे मी विसरले होते. मला हळूहळू बरं वाटायला लागलं होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. अकरा वर्षं दोघांनाही बाबांनी सारखंच फसवलं, असं मी स्वतःशी जुळवत होते. त्याला घराबाहेर ठेवून, मला घरात ठेवून. एका चोराने लुटलेली दोन माणसं जशी एकमेकांजवळ बसतात, तसं काहीतरी. घराच्या दारात तो थांबला, खाली बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काढ," मी म्हटलं.

त्याने बूट काढून भिंतीला लावून ठेवले. आम्ही मागच्या खोलीत गेलो. दुपारचं ऊन मशीनच्या काचेवर होतं, आतून चिवचिव येत होती, नऊच्या नऊ पिल्लं आता वाळून फुगली होती, दोन अंडी न फुटताच राहिली होती. मी डब्याची पिशवी ठेवून हात धुवायला वळले. मागे दादा मशीनपुढे उकिडवा बसला. डाव्या तळव्याने झाकणाचा कोपरा खाली दाबला, उजव्या हाताचा अंगठा खालून घालून खटका डावीकडे सरकवला, झाकण उघडलं. हात आत घालून त्याने दोन्ही पिवळी पिल्लं उचलली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, एक, मग दुसरं, आणि झाकण लावलं. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. खटका सरकवताना त्याने खाली पाहिलंही नव्हतं, खिडकीबाहेरच्या बदकांकडे बघत होता.

मी नळ तसाच चालू ठेवून उभी होते. ते मशीन मी सहा वर्षांपूर्वी आणलं. त्याआधी आमच्याकडे लाकडी पेटी होती, बिजागरीची. या मशीनचा खटका विचित्र आहे, कोपरा दाबल्याशिवाय सरकत नाही, आणि तो खालच्या बाजूला आहे, दिसत नाही. मला तो साधायला महिना लागला. बाबा तर वर्षभर शिव्या घालत होते. दादाला या घरातून जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"हा खटका तुला कोणी दाखवला?"

त्याचा हात खिशावरच थांबला. त्याला लगेच कळलं. चेहऱ्यावरून कळलं की कळलं. 'ते म्हणाले', तो तळघरात म्हणाला होता, बदली नाकारल्यावर बाबा काय म्हणाले ते त्याने मला शब्दन् शब्द सांगितलं होतं, आणि मी खुळी, ते त्याला कधी आणि कुठे म्हणाले असं मनातही आणलं नव्हतं.

"नळ बंद कर," दादा म्हणाला.

"किती वेळा?"

"दर वर्षी. पिल्लं निघायची त्या दिवशी. तू सातच्या ड्यूटीवर गेलीस की ते फोन करायचे. त्यांना पिवळ्यांना हात लावायला जमायचं नाही. मारायचंही जमायचं नाही. मी घेऊन जायचो. ती कोणाची पिल्लं ते शोधून मग ते त्या नरमादीला लाल कडी घालायचे. दर वर्षी वाटायचं, आता संपली."

"किती वाजता यायचास?"

"आठ, साडेआठ."

"आणि?"

"आणि काय? बसायचो थोडा वेळ."

"चहा?"

"हो."

दर वर्षी त्या संध्याकाळी ओट्यावर दोन कप पालथे घातलेले असायचे. मला वाटायचं, बाबांनी आज आनंदाने दोनदा चहा घेतला. मी कौतुकाने ते कप पुसून ठेवायची. म्हणजे बापलेकात अबोला नव्हताच कधी. अबोला माझा एकटीचा होता. मी तो त्यांच्या वतीने धरला, सणकीने, निष्ठेने, भांडी घासतात तसा रोज घासून, आणि ते दोघं वर्षातून एकदा त्याच खोलीत बसून चहा पीत होते आणि मी परतायच्या आत घर पूर्ववत करत होते. बाबा गेले त्या दिवशी दारात वाकून नाडी सोडणाऱ्या या माणसाला मी उंबऱ्यावर अडवलं, तेव्हा त्याला माहीत होतं की तो उंबरा त्याने गेल्याच हंगामात ओलांडलाय. मला वाटलं, मी बसावं. मग वाटलं, याच्यासमोर बसायचं नाही.

"कुठे नेतोस त्यांना?"

"दोन महिने लिफ्टच्या मोटरच्या खोलीत, वर गच्चीवर. तिथे ऊब असते. पिसं आली की..." तो अडखळला. "तुझ्या हॉस्पिटलसमोरच्या बागेत. तिथला माळी ओळखीचा आहे. बाबाच म्हणाले होते, तिथे सोड. ती तिथेच डबा खाते. पाव तरी घालेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं. मला ओरडायचं होतं, अकरा वर्षांपूर्वी ओरडले तसं, पण तो आवाज मी तेव्हाच खर्चून टाकला होता, आणि चुकीच्या माणसावर. की बरोबरच्या? दादाच्या खिशातून बारीक आवाज येत होता. छातीशी ऊब मिळाल्यावर पिल्लं करतात तो झोपेतला आवाज. तो माझ्याकडे बघत होता, खांदे आवळून, श्वास धरून. प्लेटसमोरची माणसं उभी राहतात ना, आत काय निघतंय ते कळेपर्यंत, तसा. सोडा, असं म्हणणं हेच माझं रोजचं काम. ते मी म्हटलं नाही.

"ठेव ती परत," मी म्हटलं.

"अगं, पण लोकांना दिसली तर..."

"ठेव म्हणते ना."

त्याने कोपरा दाबला, खटका सरकवला. एकेक पिल्लू काढून आत ठेवलं. काळ्यांनी जराही जागा दिली नाही, तेव्हा ती काळ्यांच्या अंगावर चढून बसली आणि दोघांनी डोळे मिटले. दादा उठला. गुडघे वाजले त्याचे. काय करावं न कळून तो तसाच उभा राहिला, मग हळूच ओट्याकडे पाहिलं, कपांकडे. मला दिसलं ते. मी पुढे होऊन नळ बंद केला.

"बूट घाल आणि जा आता," मी म्हटलं. "उद्या ये. मी घरी असेन तेव्हा ये."